आठ गोळ्यांचा विश्वास

धडधाकट माणसाला औषध खायला लावणं हे आरोग्यसेवेतलं फार अवघड काम. ज्याचं दुखतं तो स्वतःहून गोळी मागतो. पण ज्याला ताप नाही, खोकला नाही, जो दिवसभर शेतात राबून आत्ताच ओसरीवर टेकला आहे, त्याच्या हातावर एकदम आठ गोळ्या ठेवून "माझ्यासमोर खा" म्हणायचं, तर सांगणाऱ्याच्या शब्दाला गावात वजन असावं लागतं.

जानेवारी २०१९मध्ये नागपूर जिल्ह्यात नेमकं हेच काम झालं. हत्तीपायाच्या निर्मूलनासाठी डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन ही तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७मध्ये सुचवली होती. भारतात ती सर्वांत आधी ज्या मोजक्या जिल्ह्यांत वापरली गेली, त्यांत बिहारमधल्या अरवलपाठोपाठ नागपूर होतं. पंधरा वर्षांवरच्या माणसाला डीईसीच्या तीन गोळ्या, अल्बेंडाझोलची एक, आणि उंची १५९ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर आयव्हरमेक्टिनच्या चार. बेरीज आठ.

हत्तीपायाचे जंतू क्युलेक्स डासांमार्फत पसरतात आणि लसिकावाहिन्यांमध्ये वर्षानुवर्षं राहतात. पाय सुजायच्या कितीतरी आधीपासून माणूस वरून ठणठणीत दिसतो आणि आपल्या रक्तातून गावाला रोग पुरवत असतो. या जंतूंची सूक्ष्म पिल्लं रक्तात मुख्यतः रात्रीच उतरतात, म्हणून तपासणीचं रक्त रात्री उशिरा, लोक झोपायच्या वेळी घ्यावं लागतं. त्यात आणखी एक पेच आहे. गोळ्या घेतल्यावर ताप, चक्कर, अंगदुखी होते ती बहुतेक करून ज्याच्या अंगात जंतू आहेत त्यालाच, कारण जंतू मरताना शरीर तशी प्रतिक्रिया देतं. म्हणजे औषध जिथं लागू पडतं तिथंच त्याची बदनामी होण्याची भीती. "गोळ्या खाल्ल्या आणि तापानं फणफणला" ही बातमी गावात पसरायला अर्धा तास पुरतो. त्या अर्ध्या तासात त्या घरी जाऊन बसेल, कपाळावर हात ठेवून समजावून सांगेल असं कुणीतरी गावातच राहणारं हवं.

व्होल्टाकाठची काठी

आयव्हरमेक्टिन उंचीवर मोजून द्यायची रीत आफ्रिकेतून आली, आणि ती गावातल्याच माणसाच्या हातून द्यायची रीतही. पश्चिम आफ्रिकेत व्होल्टा नदीच्या खोऱ्यात 'नदीकाठचं अंधत्व' या नावानं ओळखला जाणारा रोग होता. वेगानं वाहणाऱ्या पाण्यात वाढणारी काळी माशी चावून तो पसरे, आणि नदीकाठची सुपीक जमीन सोडून गावंच्या गावं उठून जात. १९७४मध्ये सात देशांनी मिळून त्याविरुद्ध मोहीम उघडली. तिचं मुख्यालय आजच्या बुर्किना फासोमधल्या वागाडुगूला होतं. आधी हेलिकॉप्टरमधून नद्यांवर अळीनाशक फवारलं गेलं. १९८७मध्ये मर्क कंपनीनं आयव्हरमेक्टिन लागेल तितकं, लागेल तोवर मोफत देण्याचं जाहीर केलं. या औषधाच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कँबेल यांना २०१५चं नोबेल मिळालं.

औषध मिळालं, पण वर्षातून एकदा प्रत्येक वाडीवर ते पोचवायचं कुणी? फिरती पथकं जीपमधून येत, तेव्हा लोक शेतात असत. १९९०च्या दशकाच्या मध्यात अनेक आफ्रिकी देशांतल्या अभ्यासांतून उत्तर मिळालं: हे गावावर सोपवा. गोळ्या कधी वाटायच्या, घरोघर की एका जागी, आणि कुणाच्या हातून, हे गावानं बसून ठरवावं. गाव आपल्यातलाच एक माणूस निवडे. त्याच्याकडे खुणा केलेली एक काठी असे. माणसाला काठीशेजारी उभं करायचं, डोकं कुठल्या खुणेपर्यंत येतं ते पाहायचं आणि तेवढ्या गोळ्या द्यायच्या. वजनकाटा नको, फारसं लिहिता-वाचता आलं नाही तरी चाले. लाखो स्वयंसेवकांनी ही काठी हाती धरली आणि आफ्रिकेतल्या कित्येक मुलखांतून हे अंधत्व हटत गेलं.

हे काम वर्षातून काही दिवसांचं होतं. शेती, मासेमारी, बाजार सांभाळून करता येईल एवढंच. ही मर्यादा पुढच्या साऱ्या विवेचनात महत्त्वाची आहे.

मौद्याकडचं गाव

नागपूरहून भंडाऱ्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, कन्हान नदीच्या काठी मौदा आहे. पेंचच्या कालव्यांमुळं या तालुक्यात धान पिकतं. तारसा, चाचेर, रेवराल, खात ही रेल्वेची स्थानकं जुन्या माणसांच्या तोंडी आहेत, आणि अलीकडच्या पिढीला मौदा म्हटलं की एनटीपीसीचा २,३२० मेगावॉटचा औष्णिक वीजप्रकल्प आठवतो. महानत्यागी बाबा जुमदेव यांच्या परमात्मा एक सेवक मंडळाचा आश्रमही इथंच आहे. दारू सोडायची शपथ घेतलेली घरं या भागात गावोगाव भेटतात आणि आरोग्याचं काम करणारी बाई त्या घरांचा आधार मोकळेपणानं मान्य करते.

या तालुक्यातल्या एका गावात मी आशाताईंसोबत, म्हणजे गावातल्याच आरोग्य स्वयंसेविकेसोबत, फिरले. आषाढ-श्रावणात रोवणीचे दिवस असले की बाया झुंजुरकाला डबा बांधून बांधीवर जातात आणि दिवेलागणीला परततात. त्यामुळं ताईंच्या भेटी एकतर पहाटे किंवा सांजेला. आम्ही गेलो ते घर बाळंतिणीचं होतं. बाळ चौदा दिवसांचं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशानं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

ताईंनी आधी चूळ भरावी तसं सहज, न बोलता, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. बाळाच्या आजीनं ते पाहिलं आणि मग तिनंही धुतले. थर्मामीटर बाळाच्या काखेत धरून ताई त्याचा आवाज होईपर्यंत तशाच बसून राहिल्या. मग झोळीत घालून वजन. मागच्या आठवड्यापेक्षा दीडशे ग्रॅमनं वाढलेलं, पण अजून अडीच किलोच्या खालीच. त्यानंतर त्यांनी दुपट्याचं टोक बाजूला केलं, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर आणलं आणि बाळाच्या पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. त्या मिनिटात घरात कुणी बोललं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोका. या बाळाचे बावन्न भरले.

"दूध पिऊन राह्यलं ना नीट?" ताईंनी विचारलं.

"पिते ना वं माय," आजी म्हणाली. "पन रातीले कुरकुर करते. थोडं पानी पाजू का मंग?"

"नका पाजू जी. सहा महिने आईचं दूधच बाळाले पुरते. अन् खोलीत शेगडीचा धूर नका करू. थंडी वाटली तं बाळाले आईच्या छातीशी धरून ठेवा."

मग ताई बाळंतिणीकडे वळल्या. काय खाल्लं, ताप आहे का, अंगावरून जास्त जातं का, छाती दुखते का. आजी उठून आत गेली तशी ताईंनी आवाज खाली आणला आणि विचारलं, झोप लागते का, रडू येतं का. त्या मुलीनं मान हलवली आणि बोलू लागली. हे बोलणं वहीतल्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं.

हत्तीपायाच्या गोळ्यांचं विचारल्यावर ताई म्हणाल्या, "पहिले कोणीच खात नोहोतं. मंग मी पारावर सगळ्यायच्या समोर मोजून खाल्ल्या. जेवून खाल्ल्या, तं काही झालं नाही. मंग लोकायनं खाल्ल्या." गर्भार बाई, अगदी लहान मूल आणि फार आजारी माणूस यांना गोळ्या द्यायच्या नसतात. कुणाला दिवस गेले आहेत हे गावात सर्वांत आधी ताईंना कळलेलं असतं, त्यामुळं गर्भार बाई कोणत्या घरात आहे हे त्यांना कागद पाहून शोधावं लागलं नाही.

याच बाईकडे क्षयरोग्याला सहा महिने औषध नियमित खाऊ घालणं आहे. बधिर, फिकट चट्टा पाहून कुष्ठरोगाचा संशय घेणं आहे. विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सिकलसेलसाठी लग्न ठरायच्या आधी मुला-मुलीचं रक्त तपासून घ्यायला दोन्ही घरांना राजी करणंही आहे, कारण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्न ठरवताना हा विषय काढायचा म्हणजे एखाद्या घराचा कायमचा राग ओढवून घ्यायची तयारी. ती तयारी ठेवूनच त्या बोलतात.

महाराष्ट्रानं जगाला दिलेला धडा

गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम सोपवायचं, ही कल्पना जगानं ज्या थोड्या ठिकाणांवरून उचलली त्यांतलं एक महाराष्ट्रात आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडलेल्या बायका, त्यांतल्या अनेक दलित, कित्येकींना अक्षरओळख नाही, दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकत आणि गावी जाऊन काम करत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९७५मध्ये जगभरच्या अशा प्रयोगांवर जे पुस्तक काढलं त्यात जामखेड होतं, आणि १९७८च्या अल्मा-आटा परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली तिच्यामागंही असेच अनुभव होते. आरोळे दांपत्याला १९७९मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडच्या आरोग्य कार्यकर्त्यांना पगार नव्हता. पण काम दिवसातल्या थोड्या वेळाचं होतं, आणि शेळ्या, बी-बियाणं, बचतगट अशा मार्गांनी त्या बायकांना स्वतःच्या पायावर उभं राहायला प्रकल्प मदत करत होता.

सरकारनं हीच कल्पना घाईनं देशभर नेली तेव्हा काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. १९७५च्या श्रीवास्तव समितीच्या शिफारशीनंतर, २ ऑक्टोबर १९७७ला गावोगाव आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, महिन्याला ५० रुपये मानधन. निवडलेले बहुतेक पुरुष, पुष्कळदा गावातल्या वजनदार माणसांच्या मर्जीतले. बाळंतपण, अंगावरचं दूध, पाळी याबद्दल त्यांच्याशी कोण बोलणार? शिकवणं एकदाच झालं, देखरेख विरळ होती, मानधनासाठी आंदोलनं आणि कोर्टकचेऱ्या झाल्या. योजनेचं नाव दोनदा बदललं आणि शेवटी २००२मध्ये केंद्रानं हात काढून घेतला.

त्याच काळात गडचिरोलीत वेगळं घडत होतं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये 'सर्च' संस्थेचं काम सुरू केलं. तिथं नवजात बाळांचे मृत्यू का होतात हे त्यांनी गावागावांत नोंदवलं आणि ३९ गावांत आरोग्यदूत बायका तयार केल्या. बाळ गुदमरलं तर श्वास देणं, तापमान राखणं, जंतुसंसर्ग ओळखून घरीच प्रतिजैविक देणं, हे सारं त्या शिकल्या. १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. हजार जिवंत जन्मांमागं ६२च्या घरात असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २६च्या आसपास आला, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गावांचा कल धरून ६२ टक्क्यांची घट. मोठं रुग्णालय न बांधता, गावातल्या बाईच्या हातून. १२ एप्रिल २००५ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि छत्तीसगडच्या 'मितानिन' या गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांच्या अनुभवावर आशा योजना उभी राहिली, तेव्हा साधारण हजार लोकसंख्येला एक आशा ठरली. २०११पासून गडचिरोलीची गृहभेट पद्धत देशभरच्या आशांच्या कामात आली. मौद्याकडच्या त्या घरात मिनिटभर मोजलेले श्वास याच वाटेनं तिथं पोचले होते.

नवरोंगोचा इशारा

या यशावरून स्वयंसेवक नेमला की गावाचं भलं होतं, असा निष्कर्ष काढायची घाई मात्र करू नये. घानाच्या उत्तरेला, बुर्किना फासोच्या सरहद्दीजवळ नवरोंगो नावाचं छोटं शहर आहे. १९९४मध्ये त्याच्या आसपासच्या गावांत एक प्रयोग सुरू झाला. काही भागांत प्रशिक्षित परिचारिकेला गावात घर बांधून दिलं आणि ती तिथंच राहू लागली. काही भागांत गावकरी स्वयंसेवक नेमले, काही ठिकाणी दोन्ही. परिचारिका गावात राहिल्या तिथं तीन वर्षांत बालमृत्यू निम्म्याहून कमी झाले. नुसते स्वयंसेवक होते तिथं बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. घानानं त्यावरून १९९९मध्ये आपलं राष्ट्रीय धोरण आखलं आणि परिचारिकेला गावात बसवलं.

गडचिरोली आणि नवरोंगो यांत विरोध नाही. गडचिरोलीच्या आरोग्यदूताच्या मागं सतत शिकवणारे हात होते, देखरेख होती, औषधांची पेटी भरलेली होती आणि अडलं तर जायला दवाखाना होता. म्हणजे गावातली बाई एकटी पुरत नाही. तिच्या मागं उभी असलेली यंत्रणा जेवढी भक्कम, तेवढंच तिचं काम भक्कम. उपकेंद्रातली सिस्टर, प्राथमिक आरोग्य केंद्रातले डॉक्टर आणि रात्री फोन केल्यावर येणारी गाडी, यांतली एक कडी निखळली तर आशानं वेळेवर ओळखलेला धोकाही फुकट जातो. आणि गाडी आली नाही, तरी घरचे बोलतात ते आशालाच. उद्याही तिला त्याच उंबऱ्यावर जायचं असतं.

काम दिवसभराचं, मोबदला तुकड्या-तुकड्यांचा

महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. सरकारी कागदावर त्या स्वयंसेविका आहेत, आणि मोबदला कामागणिक मिळतो. नवजात बाळाच्या सहाही भेटी पूर्ण केल्यावर २५० रुपये, म्हणजे भेटीला ४२ रुपयेसुद्धा नाहीत. क्षयरोग्याला सहा महिने औषध दिल्याबद्दल १,००० रुपये. त्याशिवाय नियमित कामांसाठी केंद्राचे आणि राज्याचे दरमहाचे काही रुपये. २०२३च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशा आणि त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक संपावर गेल्या. आश्वासन मिळालं, पण आदेश निघाला नाही, म्हणून २०२४च्या सुरुवातीला त्या पुन्हा संपावर गेल्या आणि मुंबईच्या आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसून राहिल्या. शेवटी मार्च २०२४मध्ये राज्याच्या वाट्यात दरमहा ५,००० रुपयांची वाढ देणारा आदेश निघाला. त्याआधी दोन वर्षं, मे २०२२मध्ये, भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशांना जागतिक आरोग्य संघटनेनं जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार दिला होता. करोनाच्या दिवसांत याच बायका घरोघरी जाऊन ऑक्सिजनची पातळी मोजत होत्या.

ताईंच्या पिशवीतल्या वह्या मी चाळल्या. गरोदर मातांची वही, लसीकरणाची, जन्म-मृत्यूची, संशयित रुग्णांची. त्यातली माहिती पुन्हा फोनमध्ये भरायची. आयुष्मान कार्ड काढून द्यायची मोहीम आली की तीही आशाकडे. एकेक काम छोटं वाटतं, पण बेरीज केली तर पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस भरतो, आणि रोवणीच्या मजुरीला जायचा दिवस बुडतो. व्होल्टाकाठच्या स्वयंसेवकाचं काम वर्षातून काही दिवसांचं होतं, जामखेडच्या बाईचं दिवसातल्या थोड्या वेळाचं. तेवढं काम सेवाभावावर पेलता येतं. आशाचं काम आता पूर्णवेळ नोकरीचं झालं आहे आणि मोबदल्याची रीत मात्र स्वयंसेवेची राहिली आहे.

जगात काही ठिकाणी या प्रश्नावर उत्तर शोधलं गेलं आहे. एबोलाच्या साथीतून उठलेल्या लायबेरियानं, अत्यंत गरीब देश असूनही, २०१६मध्ये दवाखान्यापासून पाच किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या वस्त्यांसाठी आरोग्य सहायक नेमले आणि त्यांना दरमहा ७० डॉलर ठरलेलं वेतन देऊ केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं की अशा कार्यकर्त्यांना कामाच्या प्रमाणात योग्य मोबदला आणि लेखी करार द्यावा, आणि केवळ किंवा मुख्यतः कामागणिक पैसे देऊ नयेत. त्यामागचं कारण कुणाही आशाला ठाऊक आहे. ज्या कामाला पैसे लावलेले असतात ते नोंदलं जातं. बाळंतिणीशी आवाज खाली आणून बोललेली दहा मिनिटं कुणी नोंदत नाही, आणि गावाचा विश्वास त्याच दहा मिनिटांत तयार होतो.

काय करायला हवं

आशाला ठरलेल्या तारखेला ठरलेला पगार, निवृत्तीनंतरची तरतूद आणि बाळंतपणाची रजा मिळायला हवी. इतरांच्या बाळंतपणांत धावून जाणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात रजा नसणं कुठल्याही सरकारला शोभत नाही. आरोग्याशी संबंध नसलेली कामं तिच्या पिशवीतून काढायला हवीत. महिन्याची बैठक आकडे गोळा करण्यात संपते, तिच्यातला निम्मा वेळ शिकवण्याला द्यायला हवा: कठीण रुग्ण, न उलगडलेला ताप, न ऐकणारं घर यांवर डॉक्टर आणि आशा यांनी एकत्र बोलावं, जसं जामखेडला दर आठवड्याला बोलत. शिकलेल्या तरुण आशांना परिचारिका अभ्यासक्रमात राखीव जागा आणि शुल्कमाफी मिळाली तर नवरोंगोत जी परिचारिका बाहेरून आणून गावात बसवावी लागली, ती आपल्याकडे गावातूनच तयार होईल.

गावाच्या हातातही काही आहे. प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधी मिळण्याची तरतूद आहे. त्याचा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. त्याच ग्रामसभेत आशाला वर्षातून एकदा बोलायला उभं करून गावाचं आरोग्य कसं आहे हे तिच्या तोंडून ऐकता येतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामआरोग्याला स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि विदर्भातली गावं ती श्रद्धेनं वाचतात. त्या अध्यायाचं रोजचं आचरण गावात आज आशा करते.

गावातल्या साध्या बाईला शिकवलं, साथ दिली आणि तिच्यावर भरवसा ठेवला तर बाळं वाचतात, हे जामखेड आणि गडचिरोलीनं महाराष्ट्राच्या मातीत सिद्ध करून दाखवलं. आफ्रिकेपासून लॅटिन अमेरिकेपर्यंतचे लोक ते शिकायला इथं आले. आता त्या बाईला कष्टाचा पूर्ण मोबदला देण्याचं काम उरलं आहे, आणि तेही महाराष्ट्रानंच आधी करून दाखवावं.